कोलकात्याचं न्यू मार्केट आणि सतरा जणांची यादी

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. डिसेंबरात मी, यजमान आणि मोठ्या जाऊबाई गीतांजलीने कोलकात्याला चाललो आहोत, चार दिवसांसाठी. तिथलं न्यू मार्केट, तो जुना छपराखालचा बाजार, मला बघायचाय आणि हातकामाच्या वस्तू आणायच्यात. घरच्या-दारच्या सतरा जणांची यादी तयार आहे. यजमान म्हणतात, "हे सारं इतवारीत भेटते, ओझं कशाले आणतेस?" मागे एका सहलीत हातची म्हणून घेतलेली शाल मशीनची निघाली, त्याची आठवणही ते अधूनमधून करून देतात. जाऊबाई असा भाव पाडतात की मला दुकानातून निघून जावंसं वाटतं. सासूबाईंना पूजेचा शंख हवाय, जमलं तर दक्षिणावर्ती. उत्साह होता, तो आता ओसरत चाललाय. काय घ्यावं, खरं कसं ओळखावं, भाव करावा की नाही, जरा सांगाल?
– एक वाचक, महाल

उत्तर

ताई, उत्साह ओसरू देऊ नका. आधी यजमानांचं म्हणणं घेऊ, कारण ते अर्धं बरोबर आहे. न्यू मार्केटमध्ये आज सर्वात जास्त काय विकलं जातं? बॅगा, पर्स, तयार कपडे, चपला, खोटे दागिने, शोभेची फुलं. यातलं बहुतेक सगळं इतवारीत आणि सीताबर्डीवर मिळतंच. त्यासाठी हजारावर किलोमीटर जाऊन हात भरून यायची खरंच गरज नाही. यादीतली सतरा नावं अशाच वस्तूंनी भरणार असाल, तर यजमानांचं ऐका.

पण उरलेलं अर्धं त्यांच्या लक्षात आलेलं नाही. बंगालमध्ये अशा कितीतरी वस्तू होतात ज्या आपल्याकडे होत नाहीत, आणि त्या करणारी माणसं अजून त्या त्याच गावांत बसून करताहेत. गोष्ट एवढीच, की ती गावं कोलकात्यात नाहीत. मातीचा घोडा बांकुडा जिल्ह्यातून येतो, डोक्राची ओतीव पितळी मूर्ती बांकुडा आणि बर्धमानकडून, कांथ्याचं भरतकाम बोलपूर-शांतिनिकेतनच्या बाजूने, चटई मेदिनीपूरहून. न्यू मार्केटमध्ये तुमच्यासमोर बसलेला असतो तो व्यापारी. तो लबाड असतो असं मी मुळीच म्हणत नाही. पण वस्तू त्याने केलेली नसते, आणि त्याच्या एकाच फळीवर हातची आणि साच्यातली वस्तू शेजारी शेजारी उभी असते. निवड तुम्हाला करायची आहे आणि त्यासाठी डोळा आधी तयार हवा. शालीच्या वेळी बहुधा हेच झालं असणार. सहलीच्या बसमधून उतरून थेट दुकानात शिरलं, की तुलना करायला हाताशी काहीच नसतं.

म्हणून माझा मुख्य सल्ला क्रमाचा आहे. पहिल्या दिवशी बाजारात जाऊ नका. पहिल्या दिवशी ठरावीक भावाच्या सरकारी दुकानांत जा. दक्षिण कोलकात्यात ढाकुरियाला दक्षिणापण नावाचं संकुल आहे, तिथे वेगवेगळ्या राज्यांची हस्तकलेची आणि हातमागाची दुकानं एका जागी आहेत. पश्चिम बंगाल सरकारची मंजूषा, तंतुजा आणि विश्व बांग्ला ही दुकानं शहरात आहेत. तिथे भाव करावा लागत नाही, पावती मिळते आणि मुख्य म्हणजे कुणी मागे लागत नाही. वस्तू हातात घ्या, उलटून पाहा, वजन बघा, किंमत वहीत लिहून ठेवा. घ्यायची घाई नको. हिवाळ्यात कोलकात्यात राज्य सरकारचा हस्तशिल्प मेळाही भरतो. तुमच्या तारखा जुळल्या तर सगळं बाजूला ठेवून तिथे जा, कारण तिथे कारागीर स्वतः बसलेले असतात आणि प्रश्न विचारले की त्यांची कळी खुलते.

खरं तर ही तयारी नागपुरातूनच सुरू करता येईल. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो, तो तुम्ही पाहिला असेलच. तिथे बस्तरचं ढोकरा काम, म्हणजे तिकडचं डोक्रा, येतं. घरात टसरची करवतकाठी साडी असेल तर ती काढा आणि दातेरी किनार उलट्या बाजूने बघा. मोहाडी-आंधळगावच्या हातमागावर किनारीला आणि अंगाला वेगवेगळे धोटे चालतात, म्हणून किनारीची सफाई मागूनही कायम राहते. जी बाई ही किनार ओळखते, तिला बंगालची विणलेल्या बुट्ट्यांची जामदानी साडी ओळखायला वेळ लागत नाही. हातमागाच्या जामदानीत प्रत्येक बुट्टीचा धागा तिथल्या तिथे फिरवलेला असतो, त्यामुळे मागची बाजूही जवळपास तितकीच नेटकी असते. यंत्रमागावरच्या नकलेत धागा एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत ओढत नेतात आणि मग कापतात, म्हणून मागे कापलेल्या टोकांची कुसळं हाताला लागतात. साडी उलटी करून दाखवा म्हटलं आणि दुकानदाराने टाळाटाळ केली, तर पुढच्या दुकानात जा.

आता न्यू मार्केटबद्दल. ते बघायला नक्की जा, पण आधी इमारत म्हणून बघा. १८७४ च्या १ जानेवारीला ते उघडलं. त्या वेळी गोऱ्या साहेबांना देशी बाजारात खरेदी करणं नकोसं होतं, म्हणून महापालिकेने त्यांच्यासाठी हा बाजार बांधला. आराखडा रिचर्ड रॉस्केल बेन यांचा, जे ईस्ट इंडियन रेल्वेचे वास्तुरचनाकार होते. महापालिकेचे तेव्हाचे अध्यक्ष स्टुअर्ट हॉग यांनी हा बेत तडीस नेला आणि पुढे १९०३ मध्ये बाजाराला त्यांचं नाव दिलं गेलं. जुने लोक अजून हॉग मार्केट म्हणतात. लाल विटा, उतरती छपरं, टोकदार कमानी आणि १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या हडर्सफील्डहून आणून बसवलेलं घड्याळ. १९८५ च्या डिसेंबरात मोठी आग लागून बाजाराचा एक भाग जळाला. तो नव्याने बांधला, म्हणून आत चालता चालता एकदम जुन्यातून नव्यात आल्यासारखं वाटेल. साहेबांसाठी बांधलेला बाजार बंगाली माणसाने कधी आपलासा केला हे कुणालाच कळलं नसेल. आज सणाची खरेदी न्यू मार्केटला नाही तर मग कुठे, अशी तिथल्या घरांची रीत आहे.

जाणंही आता सोपं झालंय. मार्च २०२४ पासून हावड्याहून हुगळी नदीच्या खालून मेट्रो जाते. हावडा मैदान मार्गावरच्या त्या गाडीने एस्प्लनेडला उतरा, तिथून बाजाराचा रस्ता, लिंडसे स्ट्रीट, पायी काही मिनिटांवर. मुक्काम दूर असेल तर सामान आधी तिथे टाका, बाजारात सुटकेस ओढत जाऊ नका. सोमवार ते शुक्रवारमधला दिवस निवडा, सकाळी अकराच्या सुमाराला पोचा. रविवार टाळा, आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यातली संध्याकाळ तर टाळाच. त्या गर्दीत तुम्हाला छप्परसुद्धा दिसणार नाही.

दारात पोचताच वेताची मोठी टोपली घेतलेले हमाल पुढे येतील. सामान उचलतो म्हणतील आणि चांगल्या दुकानात नेतो असंही म्हणतील. ही इथली जुनी पद्धत आहे. त्यांनी नेलेल्या दुकानात त्यांचं कमिशन तुमच्या किमतीत मिळवलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवा. सामान जड असेल तर हमाल जरूर करा, मजुरी आधी ठरवा आणि ठरवलेली पूर्ण द्या. दुकान मात्र तुम्हीच निवडा. नको असेल तेव्हा हसून "लागबे ना, दादा" म्हणायचं, एवढं पुरतं. बाकी आपली नागपुरी हिंदी तिथे उत्तम चालते.

आत गेल्यावर ज्या गोष्टी मी आवर्जून सांगेन त्या खरं तर खाण्याच्या आहेत. नाहूम हे बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये सुरू केलेलं बेकरीचं दुकान न्यू मार्केटात आजही आहे. लाकडी, काचेची जुनी कपाटं, आणि डिसेंबरात फ्रूट केकसाठी लांबलचक रांग. केकमध्ये अंडं असतं, यादीतल्या सोवळ्या मंडळींसाठी घेऊ नका. बाकीच्यांसाठी तो प्रवासात चांगला टिकतो. चीजच्या दुकानात बंडेलचं चीज मिळतं, छोटी गोल चकती, एक साधी आणि एक धुरावलेली, पोर्तुगीजांच्या वेळेपासूनची. भयंकर खारट असतं. रात्रभर पाण्यात ठेवून खातात. हे सर्वांना आवडेलच असं नाही, पण असं काही आपल्याकडे मिळत नाही एवढं खरं.

आता तुमचा खरा प्रश्न, हातची वस्तू ओळखायची कशी.

डोक्रापासून सुरू करते, कारण फसगत इथे सर्वात जास्त होते. डोक्राची मूर्ती करताना मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून आकार करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. मूर्ती काढायला वरची माती फोडावी लागते, म्हणजे साचा एकदाच वापरता येतो. त्यामुळे दोन घुबडं कधीच तंतोतंत एकसारखी नसतात. दुकानदाराला म्हणा, याच मापाची अजून दोन दाखवा. तिन्ही शेजारी ठेवा. डोळे, पंखांवरच्या रेघा, अगदी एखादा खड्डासुद्धा तिन्हींवर एकाच जागी असेल तर ती साच्यातून काढलेली नक्कल आहे. बाजूने जोडाची सरळ रेघ दिसली तर शंकाच नको. आणि बस्तरचं काम तुम्हाला नागपुरात मिळतं, तेव्हा तिथून आणायचं तर बांकुड्याच्या बिकनाचं किंवा बर्धमानच्या दरियापूरचं काम आहे का ते विचारूनच आणा. दोन्हींच्या घडणीत फरक आहे. एकदा दोन्ही घरात शेजारी ठेवलीत की तो आपोआप दिसू लागेल.

बांकुड्याचा घोडा, पांचमुरा गावचा, उंच मानेचा, तो तुम्ही चित्रात पाहिला असेलच. अखिल भारतीय हस्तकला मंडळाचं ते बोधचिन्ह होतं. घोडा आतून पोकळ असतो आणि कान व शेपटी वेगळी करून खोबणीत बसवतात. लाल आणि काळा, दोन रंग दिसतात. माती तीच; भट्टीचा धूर बाहेर जाऊ दिला तर लाल, कोंडला तर काळा. रंग दिलेला चकचकीत घोडा घेऊ नका. नखाने हलकेच टिचकी मारा, नीट भाजलेल्या मातीचा खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर कुठे तरी तडा आहे.

कांथ्याच्या बाबतीत तुम्हाला शिकवण्यासारखं फारसं नाही. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या धावदोऱ्यानेच शिवल्या; बंगालच्या बायकांनीही जुन्या साड्यांचे थर घेऊन तेच केलं आणि त्यावर मासे, कमळं, पालख्या उतरवल्या. उलट बाजू पाहा. हाताचा धावदोरा मागेही तसाच तुटक दिसतो, टाके किंचित लहानमोठे असतात, कुठे कुठे गाठ सापडते. मशीनच्या कामात मागे दुसरा धागा अखंड पळतो. आजकाल टाक्यांचा नुसता छापही निघालाय, तो बोटाला लागतच नाही. पूर्ण अंगभर कांथा केलेली साडी एका बाईचे काही महिने घेते. ती कुणी हजार-बाराशेला देत असेल तर एक तर ती हातची नाही, नाहीतर करणाऱ्या बाईला काहीच मिळालेलं नाही. दोन्ही स्थितीत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पैसे बेताचे असतील तर कांथ्याची एक छोटी पिशवी किंवा दुपट्टा घ्या, पण खरा घ्या.

पटचित्रांचे गोल गुंडाळलेले पट बाजारात क्वचितच चांगले मिळतात. सरकारी दुकानात किंवा मेळ्यात बघा. पश्चिम मेदिनीपुरात पिंगलाजवळ नया नावाचं गाव आहे, तिथले चित्रकार पट उलगडत त्याची कथा गातात. बहुतेक घरं मुसलमान, आणि पटावर मनसादेवी, दुर्गा, राम-सीता. रंग पानाफुलांचे, मातीचे, त्यात बेलफळाचा डिंक. कुणी चित्रकार भेटला तर घाई करू नका, त्याला गायला सांगा. आणि पटासोबत त्याची कथाही घरी न्या, नाहीतर भिंतीवर नुसता रंगीत कागद टांगला जाईल.

शांतिनिकेतनी चामड्याच्या पर्स, ठशाने उठवलेल्या नक्षीच्या आणि हाताने रंगवलेल्या, या हलक्या, न फुटणाऱ्या आणि फार महागही नाहीत. मेदिनीपूरची मादुर चटई गुंडाळून नेता येते. पूजेचं आसन म्हणून छान. शंखाच्या बांगड्या मात्र कुणासाठी भेट म्हणून घेऊ नका. बंगाली सवाष्णींसाठी त्या सौभाग्याचं लेणं आहेत, माप हातावर बघूनच घ्यावं लागतं, आणि त्या ठेच लागली की फुटतात. जुनी वस्तू म्हणून कुणी हस्तिदंताचं काही दाखवलं तर हात न लावता निघा. त्याची खरेदी-विक्री आपल्या देशात गुन्हा आहे.

सासूबाईंच्या शंखाबद्दल थोडं सविस्तर, कारण यात भावना गुंतलेली आहे आणि फसवणारे त्याचाच फायदा घेतात. पूजेचा साधा शंख बंगालमध्ये उत्तम मिळतो, घरोघरी रोज वाजवला जातो. दुकानात वाजवून दाखवायला सांगा, आवाज स्वच्छ आणि लांब गेला पाहिजे. कडेला भरलेल्या भेगा नाहीत ना, हे उजेडात धरून बघा. दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या वळणाचा, मात्र अत्यंत दुर्मिळ. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून जे सर्रास विकलं जातं, ते बहुतेक अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच गोगलगायीचं कवच असतं, जी मुळातच त्या दिशेने वळते आणि तिथे मुबलक सापडते. ओळखायची खूण अशी: आपल्या खऱ्या शंखाच्या तोंडातून आत पाहिलं, की मधल्या खांबावर तीन-चार आडव्या वळ्या दिसतात. त्या परक्या कवचात तो खांब गुळगुळीत असतो. सासूबाईंना हे तुम्हीच नीट समजावून सांगा. रोज आरतीला वाजेल असा खणखणीत साधा शंख त्यांना जास्त समाधान देईल, असं मला वाटतं. पण शेवटी त्यांना विचारूनच ठरवा.

भाव करण्याचा विषय मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या पत्रात खरी बोच तिथे आहे. न्यू मार्केटमध्ये भाव होतोच. तिथल्या व्यापाऱ्याने तो धरूनच किंमत सांगितलेली असते. तेव्हा "दादा, एकटु कोम कोरून" म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. पण आधी सरकारी दुकानातली किंमत वहीत बघा. तीच वस्तू तिथे ज्या भावाला होती, त्याच्या आसपास किंमत आली की थांबायचं आणि घ्यायचं. जी वस्तू घ्यायची नाही तिचा भाव पाडायचाच नाही. तुम्ही बोललेली किंमत त्याने मान्य केली तर मागे फिरायचं नाही. मेळ्यात कारागीर समोर असेल तर हिशोब वेगळा. तिथे "शेवटचे किती?" एवढं विचारा आणि तो सांगेल ते मान्य करा. आपल्या गोळीबार चौक, तांडापेठेच्या भागात एके काळी घरोघरी हातमाग खडखडत होते. आता ते शोधावे लागतात. कोष्ट्यांची पोरं मागावरून का उठली हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. गिऱ्हाइकाने दर वेळी निम्मे कापले, तर माणूस विणणं सोडतो.

जाऊबाईंना दुकानात सर्वांसमोर काही बोलू नका, ते अपमानाचं होईल आणि सहल बिघडेल. त्यांच्यात भाव करण्याची हिंमत आहे, ती कामी लावा. बॅगा, शाली, स्वयंपाकघरातल्या वस्तू, टॅक्सीचं भाडं, हे सगळं त्यांच्याकडे सोपवा. आदल्या रात्री मुक्कामावर बसून सांगा, "वहिनी, कारागिराकडची वस्तू मी एकटीच घेईन, त्यात तुम्ही पडू नका." मोठ्या जावेला एवढं म्हणणं कठीण आहे हे मला कळतं. पण आधीच म्हटलंत तर त्यांना वाईट वाटणार नाही, आणि त्यांच्या वाट्याला त्यांचं काम आहेच.

एक गोष्ट तुम्ही महालातल्या म्हणून सांगते. तिथे "नागपूरहून आलो" म्हटल्यावर एखादे म्हातारे गृहस्थ बर्गींचा, म्हणजे मराठा घोडेस्वारांचा, विषय काढतील. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर जात होत्या; त्या भीतीने इंग्रजांनी कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याला मराठा खंदकच म्हणत. बंगालमध्ये मुलांना झोपवताना आजही बर्गी येण्याची भीती घातली जाते. आपण ज्या स्वाऱ्या अभिमानाने शिकलो, त्यात तिथली गावं उजाड झाली, विणकर आणि रेशीमवाले घरदार सोडून पळाले. तेव्हा तिथे शौर्याच्या गोष्टी नकोत. ऐकून घ्या, आणि सोबत नेलेल्या संत्रा बर्फीचा डबा पुढे करा. दोन-तीन डबे जास्तीचे न्याच.

राहिली सतरा जणांची यादी. ती निम्मी करा, असं मी सांगणार नाही. आपल्याकडे कुणी राहून गेलं तर काय होतं हे मला ठाऊक आहे. पण वस्तू सतरा घेऊ नका. ज्या तीन-चार जणांना हातकामाची खरी पारख आहे, त्यांच्यासाठीच घोडा, डोक्रा, कांथा, पट. बाकीच्यांसाठी खाण्याचं. डिसेंबर म्हणजे खजुराच्या गुळाचा मोसम. नोलेन गुळाचे संदेश दोन दिवसांत संपवावे लागतात, ते प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी थोडेच घ्या. पण त्याच गुळाच्या घट्ट ढेपा, पाटाली, आरामात टिकतात आणि घरोघरी वाटता येतात. चांगल्या गुळाला धुराचा किंचित वास असतो. चाखून घ्या, नुसता गोड लागला तर त्यात साखर आहे.

दार्जिलिंग चहा आणाल तर पाकिटावर चहा मंडळाची खूण बघा, एका बाईच्या चेहऱ्याची बाजू आणि हातात दोन पानं-एक कळी. सुट्टा, स्वस्त "दार्जिलिंग" घेऊ नका. आणि ज्यांना द्याल त्यांना सांगा, हा दूध-साखर-आलं घालून उकळायचा नसतो. गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गाळायचा. जे कधीच तसा पिणार नाहीत त्यांना हा चहा देऊ नका, वाया जाईल. त्यांना आसामचा दाणेदार द्या, ते खूश होतील.

बांधाबांध शेवटच्या दिवसावर ठेवू नका. गीतांजली हावड्याहून दुपारी सुटते, त्या सकाळी बाजार डोक्यात नको. घोड्याचे कान आणि शेपटी काढून वेगळी गुंडाळा, अंगात वर्तमानपत्राचे बोळे भरा, बाहेरून साडी किंवा सतरंजी. पट आणि चटई पुठ्ठ्याच्या नळीत. डोक्रा जड असतं, ते सुटकेसच्या तळाशी, पण मातीच्या वस्तूंपासून दूर. शंख आणि मातीचं सामान वरच्या बर्थवर किंवा बाकाखाली न सरकवता तुमच्या हातातल्या पिशवीत ठेवा. यजमानांच्या हातात गुळाची पिशवी द्या, ती फुटत नाही. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी घाला: कुठल्या गावची, कशी करतात, कुणी केली ते कळलं असेल तर त्याचं नाव. देताना ती चिठ्ठी वाचून दाखवा.